दुसऱ्या प्रतीचा माणूस

हातात काहीही दिलं की माझे शेजारी आधी खिडकीशी जायचे. वस्तू तिरकी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "थांबा, आधी उजेड बघू." चहाची बशी असो की माझ्या शाळेतल्या मुलींची चित्रं, उजेड बघितल्याशिवाय त्यांचं मत बनत नसे.

मुंबईत ग्रामोफोन रेकॉर्डच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. जुन्या तबकड्या विकायला येत, त्यांची प्रत ठरवायची आणि भाव लावायचा, हे काम. हात थरथरू लागले तसे ते पनवेलला परतले आणि बेने इस्रायली ज्यूंच्या इस्रायल आळीत, माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहू लागले. लग्न केलं नव्हतं. प्रती लावायची सवय मात्र गेली नव्हती. मला बघायला आलेला मुलगा जिना उतरून गेला, तेव्हा दारातून म्हणाले, "बाई, दुसरी प्रत. कडेला टवका आहे, पण वाजेल चांगला." त्याच मुलाशी मी लग्न केलं. निदान चुकलं नव्हतं.

"आणि तुमची प्रत कोणती?" मी एकदा विचारलं.

"दुसरीच. पहिलीची माणसं कपाटात राहतात."

चार घरं सोडून त्यांचा थोरला भाऊ राहत असे. दोघांत बोलणं नव्हतं. समोरासमोर आले तर एकजण रस्ता ओलांडायचा. आई वारली तेव्हा हे मुंबईत होते. तार मिळाल्याबरोबर निघाले, पण पोचले तोवर कबरीवरची मातीसुद्धा सुकत आली होती. यांना राग, की माझ्यासाठी थांबले नाहीत. भावाला राग, की आई आजारी असताना हा तबकड्या पुसत बसला. आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे.

भावाची मुलगी एस्तेर माझ्याच शाळेत शिकवायची. आळीतली घरं तेव्हा एकेक करून इस्रायलला निघाली होती. तिच्या घरचंही ठरलं. घरात आजोबांच्या वेळेपासूनच्या तबकड्या होत्या. मुंबईचा एक व्यापारी त्या घ्यायला तयार होता, पण प्रत जाणत्या माणसाने लावलेली हवी म्हणाला.

"तुम्ही विचाराल का काकांना?" एस्तेर मला म्हणाली. "मी विचारलं तर बाबा रागावतील. तुम्ही विचारलंत तर नुसते गप्प बसतील."

मी विचारलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळ्या विकतोय तो?"

"सगळ्या."

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मी बरोबर होते. आम्ही उंबरा ओलांडला तसा भाऊ आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

काम सुरू झालं. मडकं घेताना बाई वाजवून बघते, तसे ते प्रत्येक तबकडीवर बोटाचं पेर वाजवत. आवाज बद्द आला की तडा. मग उजेडात धरून रेघा बघत. शंका आली तरच ग्रामोफोनवर लावत. एस्तेर ढीग वेगळे करत होती. त्यांचे हात त्या दिवशी मुळीच थरथरत नव्हते.

मग एक तबकडी आली. वाजून वाजून तिच्या रेघा करड्या पडल्या होत्या. ऐकायची गरजच नव्हती, तरी त्यांनी ती लावली. जुनं नाट्यपद होतं. एस्तेर माझ्या कानाशी पुटपुटली, "आजीचं आवडतं." मध्यावर सुई अडकली आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. ते नुसते बघत राहिले.

आतून आवाज आला, "वरून बोट ठेव. हलकं. पुढे जाते."

त्यांनी बोट ठेवलं. गाणं पुढे गेलं आणि संपलं. दार उघडून भाऊ बाहेर आला.

"किती येतील हिचे?"

"काही नाही. तिसरी प्रत."

"मग तू ठेव."

"माझ्याकडे ग्रामोफोन नाही."

"नाही?" भावाने विचारलं.

"दिवसभर दुकानात ऐकायचं. घरी कोणासाठी लावणार?"

भाऊ खुर्चीत बसला. म्हणाला, "आई गेली तो शुक्रवार होता रे. दिवस मावळला की शब्बाथ, मग माती देता येत नाही. त्याआधी करावंच लागलं."

"शुक्रवार होता, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तेव्हापासून ठाऊक होतं."

एस्तेर चहा करायला आत गेली. मीही तिच्यामागे गेले.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी भावाकडे जेवायला जाऊ लागले. आमच्याबरोबर चल, असं भाऊ म्हणाला, पण हे हलले नाहीत. "आईला इथं एकटीला ठेवून सगळेच कसे जाणार?" एवढंच मला म्हणाले. भावाचं कुटुंब गेलं त्या दिवशी ते मोटारस्टँडवर गेले आणि आल्यावर माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत बसले.

तुम्हाला वाटेल, समेट झाला, माणूस निवांत झाला असेल. तसं झालं नाही. इतकी वर्षं रागवायला तरी कोणी होतं. आता संध्याकाळ झाली की ते भावाच्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसत.

पुढे ते घर जवळच्या विचुंबे गावातल्या एका कुटुंबाने भाड्याने घेतलं. त्या दिवशी हे रस्त्याच्या पलीकडेच थांबले. ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या बाईने त्यांना बराच वेळ पाहिलं आणि हाक मारली, "आजोबा, उभे कशाला? बसा की. कोनाची वाट बघता?"

"कोणाची नाही. सवय लागली."

"मंग हितंच बसा. आमी काय ओटा उचलून नेनार नाय."

ते गेले आणि टोकाला बसले. नंतर माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही पनवेल सोडलं. टांग्यात बसताना मी आळीकडे वळून पाहिलं. ती बाई सूप घेऊन आत चालली होती, आणि ते तिला वाट द्यायला पाय जवळ घेऊन, अंग चोरून बसले होते.