पहिल्या जाहिरातीची जागा

घरातल्या घरात नोकरीला जाताना डबा बरोबर नेणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. सकाळी दहाला आंघोळ-पूजा आटोपून, नीट भांग पाडून, "येतो गं" असं बायकोला सांगत ते पुढच्या दाराने बाहेर पडायचे, गल्लीला एक वळसा घालायचे आणि मागच्या दाराने आपल्याच कोठीच्या खोलीत शिरून कॉम्प्युटरपुढे बसायचे. माझी मेव्हणी चहा घेऊन गेली, तर "ऑफिसात घरच्यांनी येऊ न्हाई," म्हणून उंबऱ्यावरूनच कप घ्यायचे.

त्या खोलीतून ते एक वेबसाइट चालवत. शिकलेल्या, पण लग्नानंतर गावातच राहिलेल्या मराठवाड्यातल्या बायकांना घरबसल्या करता येतील अशा नोकऱ्या तिच्यावर असत: मराठी टायपिंग, भाषांतर, फोनवरून गिऱ्हाइकांशी बोलणं. नोकरी खरी आहे का हे बघायला साडू स्वतः कंपनीला फोन लावत आणि आपल्या इंग्रजीत पहिलाच प्रश्न टाकत, "सर, यू आर रिअल?" एक साहेब म्हणे विचारातच पडला.

बायकांकडून पैसा घ्यायचा नाही हा त्यांचा हट्ट, म्हणजे खर्च भागवायला जाहिरातदार हवेत. पहिला जाहिरातदार शोधत त्यांनी जुना जालना पालथा घातला. डाळीच्या एका व्यापाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "साइटीवर पोते उतरवायला जागा हाय का?" साडूंनी त्यालाही तासभर समजावलं. एक कंपनी चांगले पैसे द्यायला तयार होती, पण ती नोकरीच्या आशेवर नोंदणीच्या नावाने पैसे उकळणारी. "भामट्याची पाटी लावून मी लेकीबाळींना बोलावू?" म्हणत त्यांनी फोनच ठेवला.

मग ते माझ्या कापडाच्या दुकानात आले.

"साडूभाऊ, पैसे बिलकुल नका देऊ. निस्तं दुकानाचं नाव लावू द्या. पहिली जागा रिकामी दिसून राह्यली, म्हून कोणी येईना. तुमचं नाव दिसलं की बाकीचे येतील बराबर."

दुकानात शेजारचे दोन व्यापारी बसले होते. त्यांतला एक हसला, आणि मीही हसलो. "दिवाळीनंतर बघू," म्हणालो. साडूही हसले, चहा प्याले, फाइल काखेत मारून गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. दिवाळी झाल्यावर मीही काढला नाही.

वर्षभराने साइट बंद पडली. आता ते कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या गेटवर गाड्यांची नोंद करतात. लग्नकार्यात भेटले की माझ्या पोरांची आवर्जून चौकशी करतात. त्यांनी राग धरला असता, तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात जाफराबादहून एक बाई दुकानात आल्या. शर्टाचं चांगलं कापड हवं होतं. "एका भाऊंना द्यायचंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या साइटीवरून काम लागल्तं मला. अजून घरूनच करून राह्यले." त्यांनी साडूंचं नाव सांगितलं तेव्हा मी दाखवायला काढलेला तागा परत गुंडाळून ठेवला.

"चांगली साइट होती. बंद का केली हो त्यांनी?"

"जाहिरातदार मिळाले नाहीत."

"एवढ्या मोठ्या जालन्यात? एक बी न्हाई?"

"नाही."

मी वरच्या फळीवरचं सगळ्यात भारी कापड काढून दिलं. त्यांनी पैसे पुढे केले. नको म्हणावंसं फार वाटलं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी ते घेतले.