दाराबाहेरची मेझुझा

रोझाआजी पेणकर सत्त्याऐंशीच्या. जन्म बेल्जियमचा, मराठी मात्र अस्सल अलिबागची. इस्रायलला गेल्यावर नवरा मिळाला तो अलिबागच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरातला, आणि सासू मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत भांडायलाच तयार नव्हती! आता आजी सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये नातवाकडे, सॅमसनकडे असतात.

नव्या फ्लॅटमध्ये आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघांची जुंपली. कारण मेझुझा. ज्यू घराच्या दाराला लावायची ती बोटभर डबी. आत प्रार्थना लिहिलेली असते, जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची.

"आजी, आतल्या बाजूला लावू," सॅमसन म्हणाला. "सध्या ज्यूंसाठी दिवस कसे आहेत बघतेस ना? उगाच कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं?"

आजींचा पारा चढला. "बस इथे. सहा वर्षांची होते. आईबाबांना जर्मनांनी धरून नेलं. एका शेतकरीणबाईने मला भाची म्हणून लपवलं, नाव ठेवलं मारिया. मी पकडली गेले असते तर तीही गेली असती. एकदा एक जर्मन शिपाई अंडी मागायला आला. मी गोठ्यातून घरात शिरले आणि हात आपोआप चौकटीकडे गेला. तिथे काही नव्हतं, तरी बोटं ओठांना लागली. मेली सवय! तो बघतच राहिला. मी बोट तोंडात घातलं आणि भोकाड पसरलं, कुसळ गेलं, कुसळ गेलं!"

"मग?"

"त्याने टाचणी काढली आणि बोट कोरत बसला. नसलेलं कुसळ, रे! रक्त आलं. मी हात मागे घेतला नाही. शेवटी 'निघालं' म्हणाला आणि अंडी घेऊन गेला."

भल्याभल्यांची बोबडी वळली असती तिथे. ही एवढीशी पोर दोन जीव वाचवून मोकळी झाली.

"युद्ध संपेपर्यंत दारातून जाताना हा हात खिशात कोंबला," आजी म्हणाल्या. "आता कोणासाठी कोंबणार नाही."

सॅमसन उठला. भाड्याच्या घराला भोकं पाडायची सोय नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणून त्याने मेझुझा बाहेर लावली.

सकाळी आजी कॉरिडॉरमध्ये आल्या, हात लावला, बोटं ओठांना टेकवली, आत गेल्या, परत बाहेर आल्या. शेजारची पुण्याची उल्का ऑफिसला निघाली होती. "आजी, हे काय करताय?"

"मी ज्यू आहे गं," आजी मोठ्यांदा म्हणाल्या. "आमच्यात दारातून जाता-येता असं करतात."

लिफ्टपाशी उभे असलेले चौघेजण वळून बघायला लागले. आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्यादेखत पुन्हा एकदा चौकटीला हात लावला.