उंट, कुंपण आणि आमचे उत्तर

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी "आम्हांस कल्पना नव्हती" असे म्हणू नये. नोव्हेंबर १९९७ : कुंपणाची जाळी तुटली, जबाबदार, शेजारचा उंटवाला. डिसेंबर : दुरुस्तीची टाळाटाळ, जबाबदार आमचा अरबाब, म्हणजे फार्मचा मालक. जानेवारी १९९८ : माझ्या पत्नीवर व मुलीवर ओढवलेला प्रसंग, जबाबदार वरील दोघे, आणि माझी पत्रे फायलीत निजवणारे अरबाबच्या अबू धाबीच्या कचेरीतील प्रशासन अधिकारी. हे गृहस्थ दादरचे, हे मुद्दाम नमूद करतो.

अल ऐनच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता वाळूत विरतो, तिथे आमचा गाईंचा फार्म होता. जमीन अरबाबची, गाई अरबाबच्या. राखण मात्र आमची. मी देखरेखीला होतो, म्हणजे तिकडच्या भाषेत मुदीर. पत्नीचे नाव पगारपत्रकात कुठेच नव्हते, पण आजारी वासरे तिच्याच हातून दूध पीत. गोठ्याच्या सांडपाण्यावर तिने अळू वाढवले होते. सुट्टीला दुबईहून येणारी मराठी कुटुंबे ते पाहून गहिवरत आणि उपटून नेत. तीही घुसखोरीच, पण तिच्याविरुद्ध पत्नीने मला लिहू दिले नाही.

शेजाऱ्याचे उंट तुटक्या जाळीतून येऊन आमची लसूणघास खात. मी त्याला रीतसर नोटीस दिली. त्याने ती कोणाकडून तरी वाचून घेतली, मला कॉफी पाजली आणि म्हणाला, "मुदीर, ऊंट पहले आया. जाली बाद में." कायद्यापुढे हा युक्तिवाद टिकणारा नाही, तरी त्या हिवाळ्यात मला मिळालेले ते एकमेव सरळ उत्तर. अरबाब "इन्शाल्ला" म्हणाला. कचेरी तेवढेही म्हणाली नाही.

जानेवारीत त्या उंटांतला एक नर माजावर आला आणि तोंडाला फेस आणून थेट आमच्या आवारात शिरला. पत्नी आणि मुलगी घासाच्या शेडमध्ये अडकल्या. शेडच्या दाराला कडी नव्हती. तिच्याविषयीही माझे पत्र होते. पत्नी एकेक पेंढी त्याच्यापुढे फेकत राहिली, कारण तो खात होता तोवर आत येत नव्हता. मी पिकअप घेऊन पोचलो आणि भोंगा वाजवून त्याला हुसकले, तेव्हा पेंढ्या संपत आल्या होत्या. "बाबा, ही वॉज जस्ट हंग्री," मुलगी म्हणाली. मग तिचे दात वाजू लागले, ते थांबेनात.

मी सर्व परिशिष्टांसह पुन्हा लिहिले. मागणी एकच : कुंपण. या वेळी कचेरीचे उत्तर तत्परतेने आले : आपण वेळोवेळी कळविल्याप्रमाणे सदर जागा कुटुंबाच्या वास्तव्यास धोकादायक असल्याने आपली सहकुटुंब राहण्याची सवलत रद्द करण्यात येत आहे. खाली माझ्याच पत्रांचे संदर्भ क्रमाने दिले होते. एकही गाळला नव्हता. म्हणजे ती वाचली गेली होती.

मी दादरकरांना फोन लावला. त्यांनी सगळे आमच्या भल्यासाठीच केल्याचे सांगितले. कुटुंब आधी, असे त्यांचे तत्त्व होते. पत्नी बॅगा भरत होती. "अहो," ती म्हणाली, "त्या उंटाचा व्हिसा कुणी तपासलाय का, तेही विचारा."

त्या दोघी पुण्याला गेल्या. मुलीच्या वाढण्याची पुढची पाच वर्षे मी वार्षिक रजेत पाहिली. त्या गेल्यावर महिन्याभरात उंटाच्या लाथेने अरबाबच्या एका वासराचा पाय मोडला. आठवडा उलटण्याआधी नवी जाळी आली, लोखंडी खांबांसकट. शेडच्या दाराला कडीदेखील बसली.

सदर अधिकारी आता निवृत्त होऊन पुण्यातच असतात आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सभांत 'परदेशात जपलेली कुटुंबसंस्था' या विषयावर बोलतात. माझी मागणी अशी : एका वासरासाठी जे कुंपण उभे राहिले, ते माझ्या पत्नीसाठी आणि मुलीसाठी का राहिले नाही, याचे उत्तर त्यांनी पुढच्या व्याख्यानात, व्यासपीठावरून, माईकवर द्यावे. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही. आम्ही तिघेही पहिल्या रांगेत बसलेले असू.