आउट झालेली मुलगी

माझ्या गॅलरीच्या खालीच पालिकेच्या शाळेचं मैदान आहे. मधल्या सुट्टीत तिथे लंगडीचा डाव रंगतो. त्यात एक गुबगुबीत, हळू पळणारी मुलगी कायम कच्चा लिंबू. तिला शिवलं तरी ती आउट नाही. खेळात असायची, पण कुणाच्या खिजगणतीत नसायची. मारणाऱ्याला निदान आपण दिसत तरी असतो! हा छळ मारण्याहून वाईट, आणि वर त्याला दया म्हणायचं.

मैदानाच्या भिंतीवर शाळेचे नियम रंगवलेत: मारू नये, चिडवू नये. परवा बाईंनी त्याखाली खडूने लिहिलं, 'इथे कुणीही कच्चा लिंबू नाही.'

"बाई, ती लगेच आउट होईल," पोरं कुरकुरली.

"होऊ दे की! तुम्ही होत नाही?"

आज पहिल्याच झपाट्यात लंगडी घालणारीने तिला शिवलं. "आउट!" सगळे ओरडले. मला वाटलं, आता रडणार. पण आउट व्हायलाही आधी डावात असावं लागतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. दोन्ही हात उंचावून ती रेषेबाहेर धावली. इतक्या वेगाने पळताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"बाई, मी आउट झाले! खरीखुरी आउट!"