टॅपेट कव्हरची पॅकिंग

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, शेडमधल्या दोस्तांना नाही. विमलला — माझ्या बायकोला — तर नाहीच. ती माघात गेली. आता तुम्हाला सांगतोय. शिक्षण सातवी, लिहिताना चुकलं तर चुकलं.

आमची जुनी अ‍ॅम्बॅसिडर आहे, मुरलीपुऱ्यात दारासमोर उभी असते. मी भुसावळहून इकडं हिंदी मुलखात बदलून आलेला रेल्वेच्या डिझेल शेडचा फिटर, पण ह्या गाडीला हात विमलचाच मानवायचा. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट कव्हर असतं — पत्र्याचं झाकण. त्याच्याखाली कॉर्कची पॅकिंग, तेल बाहेर येऊ नये म्हणून. वर दोन नट. जुनी पॅकिंग ती खरवडून काढायची, नवी बसवायची, आणि नट आवळायची — थोडा हा, थोडा तो. म्हणायची, "अहो, कणकेसारखं आहे हे. जास्त दाबलं की फाटतं."

एक दिवस बस्सी गावाला शेडमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी विमलनं पॅकिंग बसवली आणि साडी बदलायला आत गेली. मी पाना घेतला. का घेतला? बाईमाणसानं आवळलेले नट म्हणून. दुसरं काय! शेडमध्ये आवळतात तसे आवळले, अंगातला सगळा जोर लावून. पाना एकदम सैल पडला — खाली पॅकिंग फाटली. हाताला कळतं ते. मला कळलं, आणि मी बॉनेट लावलं.

बस्सीच्या अलीकडे धूर. तापलेल्या पाइपावर तेल गळत होतं. मागच्या जीपमधून शेडची मंडळी उतरली. त्यातले मीणाजी वाकून म्हणाले, "अरे, ये पैकिंग किसने बिठाई?"

मी म्हणालो — हिनं. उलटी बसवली.

"भाभीजी, आप तो रोटी बेलो!" सगळे हसले. मीही हसलो — हो, मीही.

तिनं नटाकडं बघितलं. झाकण तिथं दबून वाकलं होतं. मग माझ्याकडं बघितलं. पदराला हात पुसले. त्यानंतर बावीस वर्षं बॉनेटला हात लावला नाही. पोरगा नातवंडांना हसत सांगायचा, "दादी ने उलटी पैकिंग लगाई थी." ती ताटं वाढत राहायची.

शेवटच्या दुखण्यात एकदा तिनं विचारलं, "अहो, ती पॅकिंग खरंच उलटी होती का हो?"

काय अवघड होतं? नाही — एवढा एक शब्द. मी म्हणालो, "जुनं झालं ते. झोप तू."

गेल्या आठवड्यात नवी पॅकिंग टाकली. तिच्यासारखी — थोडा हा नट, थोडा तो. थेंब गळत नाही.

त्या पॅकिंगला उलट-सुलट नसतंच. दोन्ही बाजू सारख्या. हे तिला माझ्याआधी माहीत होतं — आणि तरी तिनं मला विचारलं.