भोईर बाईंचं बंदर

भोईर बाईंच्या इतिहासाच्या तासाला कुणीही सरळ वर्गात शिरू शकत नसे. वर्ग म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं बंदर, बाकावरच्या पोरी म्हणजे सरकार आणि दारात उभा असलेला परमुलखातून जीव वाचवून आलेला. "कुठून आलात? कसब काय? जामीन कोण?" त्या काळची राज्यं आसरा मागणाऱ्यांना अशी पारखून घेत, हे बाई पुस्तक न उघडता शिकवायच्या. मी चित्रकलेचा मास्तर. एकदा खडू मागायला गेलो तर मलाही अडवलं. "चित्रं काढतात? उपयोग न्हाय, ऱ्हाऊ द्या बाहेर," असा पोरींनी निकाल दिला आणि बाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

बाई जवळच्या राहनाळ गावच्या, शेतकऱ्याघरच्या. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या शाळेत त्या वर्षी शबनम आली. बाप कापडाच्या लूमवर कामाला, गाव दूर उत्तरेत, जुन्या शाळेचा दाखला नाही. दाखल्याशिवाय हेडमास्तर नाव घालेनात. बाईंनी तिला तशीच वर्गात बसवली. शेवटी हेडमास्तरांनी बजावलं, "तपासणीला साहेब येणार आहेत. त्याआधी ही मुलगी घरी गेली पाहिजे."

बाईंनी मुकाट मान डोलावली. मला तेव्हाच धडकी भरली.

भर उन्हात साहेब दारात आले, मागे हेडमास्तर. पहिल्या बाकावरून आवाज आला, "थांबा! कसब काय?"

साहेब गडबडले. "मी... तपासतो."

"ह्यांचा उपयोग न्हाय. जामीन कोण?"

"मी, मी!" हेडमास्तर पुढे सरसावले.

"तुम्हीपण बाहेरच हाव!"

साहेबांचा घाम निथळू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून शबनम उठली. "मैं जामीन, बाई. धूप में खड़े हैं बेचारे, आने दो."

साहेब आत आले आणि हसत त्यांनी तिचं नाव विचारलं. बाईंनी अगदी गरीब चेहरा केला. "साहेब, तिचं नाव हजेरीत न्हाय. ती पण दारातच हाय. तिला जामीन मिळंना."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. "मी आहे जामीन. नाव घाला."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाई अंथरुणाला खिळल्या. राहनाळच्या शेतांत तोवर गोदामं उभी राहिली होती. मी भेटायला गेलो तर हळूच म्हणाल्या, "आता वरच्या दारात मला इचारतील, जामीन कोण?"

मी पुढे सरकून म्हणालो, "मी आहे ना, बाई."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मास्तर, तुम्ही चित्रं काढता. शबनमला बोलवा."

शबनम धावत आली, हात धरून बसली. दोन दिवसांनी बाई गेल्या. त्यांना दारात फार वेळ उभं राहावं लागलं नसेल.