आज एकही वांगं किडकं निघालं नाही

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

परळच्या आमच्या चाळीत दर रविवारी मी शहापूरच्या एका शेतकरीदादांची बिनफवारणीची भाजी घरोघरी देते. "किडकी वांगी देतेस!" म्हणून खालच्या सावंतकाकू दर वेळी डाफरतात. आज त्या हसतच वर आल्या. "अगो, आज एकपण किडकं नाय!"

मी लगेच आत गेले. घरातली वांगी चिरून बघितली, तर सगळी स्वच्छ. दादांनी काल-परवा कीटकनाशक फवारलं तर नाही ना? पाच फोन केले, उचलत नाहीत.

"आजची वांगी खाऊ नका" असं चाळीच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. त्यांनी फवारलंच नसेल तर बिचाऱ्यांचं नाव उगाच खराब होईल.

काकू नातवासाठी भरीत करणार होत्या. आत्ता खालून वांगी भाजल्याचा वास येतोय. पाठवू का मेसेज?